मगदूम सरांचा पहिला नियम

मिरजेच्या अभिनंदन मगदूम सरांनी आयुष्यात कधी जुगार खेळला नाही. हे ते स्वतःच सांगायचे, दिवसातून चार वेळा, कुणी न विचारता. जुगार खेळतात ती अडाणी माणसं. सर अभ्यास करायचे. हा अभ्यास रोज संध्याकाळी साडेपाचला डोळ्यांवर काळा चष्मा चढवून, मनगटाला पट्टा बांधून, आरामखुर्चीत पाय पसरून चालायचा. तो चालू असताना स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण जरी वाजलं, तरी सर असे खेकसायचे की शेजारची मांजर पळून जावी.

त्यांची बायको त्रिशला हे चार वर्षं बघत होती. ती एका मोठ्या दवाखान्यात ईसीजी काढायची. दिवसभर लोकांच्या छातीला वायरी चिकटवायच्या, हृदयाच्या रेघा कागदावर उतरवायच्या आणि पाचला घरी पळायचं. मगदुमांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. सासू-सासरे होते तोवर ती एकदाही मोडली नव्हती. आता साडेपाचची कुस्ती आडवी आली होती. त्रिशला एकटीच जेवून घ्यायची आणि नवऱ्याचं ताट झाकून ठेवायची.

कुस्ती म्हणजे खरी नव्हे हं. खरी तालीम त्यांच्या गल्लीच्या टोकालाच होती. तिथं सहा-सात गडी लाल मातीत घाम गाळायचे आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. ही कुस्ती ‘आखाडा’ नावाच्या ॲपमधली. तिच्यातला शंभू डांगे हा पैलवान कुठल्याच आईच्या पोटी जन्मलेला नव्हता. त्याच्या मांड्या, त्याच्या मिशा, त्याचे मोडलेले कान, सगळं यंत्रानं काढलेलं चित्र. आणि या चित्राचा गुडघा दुखावला म्हणून गेल्या दिवाळीत मिरजेतल्या कित्येक बाप्यांना फराळ गोड लागला नव्हता. केस पिकलेली माणसं, पण कुणाला म्हणून लाज नाही!

पूर्वीचे आभासी खेळ साधे होते. यंत्र आतल्या आत एक आकडा काढायचं, सोरटीसारखा, आणि त्या आकड्यावर घोड्यांच्या नाहीतर कुत्र्यांच्या शर्यतीचं चित्र चिकटवायचं. लोक त्यातही ‘ट्रेंड’ शोधायचे. काल तीन नंबर आला, परवा तीन नंबर आला, म्हणजे आज येणार, किंवा आज येणारच नाही. वास्तविक कालच्या आकड्याचा आजच्या आकड्याशी काडीचा संबंध नसतो. हे जगात कुणाला नाही कळलं तरी मगदूम सरांना कळायला हवं होतं. ते अठरा वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते.

त्रिशलाला बघायला आला होता तेव्हा तो ‘सर’ नव्हता, नुसता अभिनंदन होता. पोह्यांची बशी हातात धरून अवघडून बसलेला. तिच्या वडिलांनी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “संख्याशास्त्र म्हणजे नक्की काय ओ?” त्यानं खिशातलं नाणं काढून चार वेळा उडवलं. योगायोगानं चारही वेळा छापा पडला. “आता पाचव्यांदा काय पडेल?” वडील म्हणाले, “आता काटा पडायलाच पाहिजे की.” तो हसला. म्हणाला, “नाण्याला आठवण नसते, काका.” त्या एका वाक्यावर त्रिशलानं होकार दिला होता.

आणि आता हाच माणूस ‘कल आणि चाल’ नावाचं चॅनल चालवत होता. चार लाख लोक ते बघायचे. सरांचे सात नियम होते आणि लोकांनी ते आरतीसारखे पाठ केले होते. शंभू लागोपाठ दोनदा हरला की तिसऱ्यांदा त्याच्यावरच लावायचं. शनिवारी ढाक हा डाव लागत नाही. एक ना दोन. पण सगळ्यांत मोठा होता पहिला नियम, मौनाचा. आपण कुणावर लावलं, कुस्ती कोण जिंकलं, हे दुसऱ्याला सांगायचं नाही. आपली वही आपणच लिहायची आणि कुलपात ठेवायची. निकाल तोंडातून फुटला की आपला कल दुसऱ्याच्या हाती जातो आणि नशीब फिरतं, असं सर सांगायचे. लोक तो नियम असा पाळायचे की एका घरातले सख्खे भाऊ साडेपाचची कुस्ती बघून चष्मे उतरवायचे आणि एकमेकांशी पावसापाण्याचं बोलायचे.

श्रावण संपता संपता सरांनी बातमी सांगितली. ‘मल्लविश्व’ ही आखाड्याची कंपनी येत्या रविवारी त्यांचा सपत्नीक सत्कार करणार होती. ‘महागुरू’ ही पदवी, शिवाय सल्लागाराची जागा.

“सोमवारी कॉलेजात राजीनामा देऊन टाकतो,” सर म्हणाले.

“अहो, अठरा वर्षांची नोकरी आहे. मुलं तुमच्या हाताखाली शिकतायत.”

“त्या मुलांना काय कळतंय? समोर बसून जांभया देतात. इथं चार लाख माणसं माझा शब्द झेलतात.”

“तुम्हीच म्हणाला होतात, नाण्याला आठवण नसते म्हणून.”

“शंभू डांगे म्हणजे नाणं आहे का?” सर चिडले. “तुला यातलं काही कळत नाही, त्रिशला. तू आपली वायरी चिकटव.”

तिला रडू आलं नाही, संताप आला. हा माणूस मूर्ख असता तर तिनं सोडून दिलं असतं. पण तो हुशार होता, चांगला होता, आणि आपली अक्कल स्वतःच्या हातानं गहाण टाकून वर त्याबद्दल हार घालून घ्यायला निघाला होता. सोमवारच्या आत याला जागं करायचं, नाहीतर हा माणूस हातचा गेला, एवढं तिनं ओळखलं.

संधी अनपेक्षितपणे दवाखान्यातच मिळाली. धडधडीची तक्रार घेऊन येणाऱ्यांना तिथं होल्टर लावायचे. होल्टर म्हणजे कमरेला बांधायची छोटी डबी, चोवीस तास हृदयाचा प्रत्येक ठोका टिपणारी. सोबत एक कागदी डायरी द्यायची. किती वाजता काय केलं, काय वाटलं, ते रुग्णानं त्यात लिहायचं, म्हणजे ठोके का वाढले ते डॉक्टरांना कळतं. जिना चढलो, भांडण झालं, चहा प्यालो. माणसं बायकोशी खोटं बोलतील, पण या डायरीत खरं लिहितात. हृदयाचा मामला असतो ना.

मंगळवारी दोघांनी होल्टर नेले होते. एक औषधांच्या दुकानाचे कोरे, दुसरे सतारी बनवणारे दस्तगीर शिकलगार. बुधवारी त्रिशला दोघांच्या रेघा तपासत होती. दोन्हीकडे पावणेसहाला ठोके एकदम चढलेले. तिनं डायऱ्या उघडल्या. कोऱ्यांनी लिहिलं होतं: ‘५.४५. आखाडा. शंभूनं बजरंगला ढाकेवर चीत केलं. लय बरं वाटलं.’ शिकलगारांनी लिहिलं होतं: ‘पावणेसहा. शंभू पडला. जीव घाबरा झाला. पाणी प्यालो.’

तिनं दोन्ही डायऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या. तीच तारीख, तीच वेळ, तेच पैलवान.

“रेबेका, इकडे ये गं,” तिनं सिस्टरला हाक मारली. “हे वाच. एक म्हणतोय शंभू जिंकला, एक म्हणतोय हरला.”

रेबेका सातपुतेनं दोन्ही वाचलं. “एकाला मोतीबिंदू असेल.”

“दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा असतो. त्या चष्म्यात जे दाखवतात तेच दिसतं.” हे बोलता बोलता त्रिशलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

नवऱ्यालाही अधूनमधून धडधड होत होतीच. गुरुवारी तिनं त्याच्या कमरेला होल्टर बांधला. साडेपाचला ती हातात घड्याळ घेऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि पैसे लावायला कुठल्या क्षणी त्याचं बोट पट्ट्यावर टेकलं ते सेकंदासकट लिहीत गेली. एका कुस्तीत डावागणिक लावता यायचं; त्या संध्याकाळी सरांनी एकोणीस वेळा लावलं. दुसऱ्या दिवशी तिनं रेघ काढून बघितली. एकोणीसच्या एकोणीस वेळा बोट टेकण्याच्या तीन सेकंद आधी दोन ठोके लांबले होते आणि मग घाईनं पळाले होते. माणूस काहीतरी ठरवायच्या बेतात असला की हृदय क्षणभर असं थबकतं. अजून त्या माणसाला स्वतःला पत्ता नसतो, पण छातीला लागलेला असतो.

आणि मनगटावरचा पट्टा तेच टिपत होता. चष्मा बुबुळं बघत होता, कातडीचा घाम पट्टा मोजत होता. माणूस कुणावर लावणार हे यंत्राला त्या माणसाच्या आधी कळत होतं, आणि कळल्यावरच ते पुढची कुस्ती काढत होतं. प्रत्येकासाठी वेगळी. कोऱ्यांचा शंभू वेगळा, शिकलगारांचा वेगळा, सरांचा तिसराच. जितकी डोकी तितके आखाडे. एक कुस्ती सगळे मिळून बघतायत हा निव्वळ भ्रम होता. ॲपच्या अटींमध्ये मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंही होतं: ‘सामना वापरकर्त्याच्या अनुभवानुसार सादर केला जाईल.’ वाचणार कोण?

आता यात कल कसला आणि चाल कसली! कल शोधणाऱ्याचा कल यंत्रानं आधीच शोधून ठेवला होता. जो ज्या नियमानं खेळतो, त्याला त्याच नियमानं गोंजारायचं, दोनदा जिंकवायचं, तीनदा झोपवायचं. आणि हे सगळं उघडं पडायला काय लागणार होतं? दोन माणसांनी फक्त एकमेकांना विचारायचं होतं, ‘काय, कोण जिंकलं?’ चार वर्षांत चार लाखांतल्या एकानंही विचारलं नाही. सरांचा पहिला नियम!

शुक्रवारी तिनं सगळं नवऱ्यापुढे मांडलं. नावं झाकून दोन डायऱ्या, त्याची स्वतःची रेघ, तिनं लिहिलेल्या वेळा.

सरांनी रेघ हातात घेतली आणि बराच वेळ बघितली. “सुंदर आहे,” ते म्हणाले.

“अहो, सुंदर काय? डायऱ्या वाचा. एकाच कुस्तीचे दोन निकाल आहेत.”

“लोक काहीही लिहितात. त्यांना मनगट कुठलं आणि मांडी कुठली ते कळत नाही.” सरांनी डायऱ्या बाजूला सारल्या. “अशा लोकांच्या लिहिण्यावरून तू मला शिकवतेस?”

म्हणजे सरांना लोकांची कीव यायची, लोकांना सरांची भक्ती, आणि यंत्र दोघांचंही मीठ-भाकर खाऊन गब्बर होत होतं. त्रिशलानं कागद आवरले. रविवार अजून बाकी होता.

रविवारी मंगल कार्यालय खचाखच भरलं होतं. तीनशे माणसं, तीनशे काळे चष्मे. साडेपाचची कुस्ती सगळ्यांनी तिथंच एकत्र बघायची असं ठरलं होतं. एकत्र म्हणजे आपापल्या खुर्चीत, आपापल्या चष्म्यात, तोंड शिवून. सगळ्या हॉलमध्ये नुसते सुस्कारे ऐकू येत होते. व्यासपीठावर नारळ आणि साडी मांडीवर घेऊन बसलेली त्रिशला तेवढी उघड्या डोळ्यांनी बघत होती. एवढी मोठी माणसं खुर्चीत बसल्या बसल्या हवेत पकडी मारत होती. तिला हसावं का शिव्या घालाव्यात कळेना.

कुस्ती संपली, चष्मे उतरले. ‘मल्लविश्व’चे प्रतिनिधी शार्दूल प्रधान पुण्याहून आले होते. त्यांनी मानपत्र वाचलं. त्यात सरांची विद्वत्ता होती, तपश्चर्या होती, आणि शेवटी एक वाक्य होतं: “सरांनी घालून दिलेल्या मौनाच्या नियमामुळेच आज आखाड्याची विश्वासार्हता टिकून आहे.” टाळ्यांचा कडकडाट झाला. त्रिशलाला आता उलगडलं. कंपनीला सगळं माहीत होतं. सरांना महागुरू केलं होतं ते त्यांच्या बाकीच्या सहा नियमांसाठी नव्हे, त्या एका नियमासाठी.

“वहिनी, दोन शब्द बोला की!” समोरून कोरे ओरडले.

ती उठली. माईक हातात घेतला. “मला भाषण येत नाही. एकच विचारते. आत्ता तुम्ही सगळ्यांनी कुस्ती बघितली. कोण जिंकलं?”

काहींनी खाली बघितलं, जसं काही बाईनं भर सभेत काहीतरी अचकट विचकट विचारलं होतं.

“पहिला नियम आहे, वहिनी,” कुणीतरी हळूच म्हणालं.

“मग सरांना विचारा. सरांचा स्वतःच्या अभ्यासावर विश्वास असेल तर एक दिवस मौन सोडायला ते हरकत घेणार नाहीत.”

तीनशे माना सरांकडे वळल्या. प्रधान घाईनं सरांच्या कानाशी लागले, पण गळ्यात तीन हार पडलेल्या माणसाला कानात सांगितलेलं ऐकू येत नाही. सर प्रसन्न हसले. “सोडा आजच्या दिवस मौन,” ते म्हणाले. “होऊ दे बाईसाहेबांचं समाधान.”

“शंभू जिंकला म्हणणाऱ्यांनी हात वर करा,” त्रिशला म्हणाली.

कोऱ्यांनी हात वर केला. त्यांच्या शेजारी बसलेल्या शिकलगारांनी केला नाही. कोऱ्यांच्या सख्ख्या मेव्हण्यानं केला नाही. हॉलमध्ये अर्धे हात वर, अर्धे मांडीवर. वर असलेले हात खालच्यांकडे आणि खालचे वरच्यांकडे बघायला लागले.

“अहो, बजरंग जिंकला की! डोळे फुटले काय तुमचे?”

“काहीतरीच काय? घिस्स्यावर गेला बजरंग!”

“घिस्सा कुठला? धोबीपछाड मारली!”

मग हळूहळू आवाज बंद झाले. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. प्रत्येकाला आपापल्या कुलपातली वही आठवत असणार. त्रिशलानं नवऱ्याकडे बघितलं. सर वर गेलेल्या हातांकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. चेहऱ्यावरचं तेज उतरलं होतं आणि त्याखालून तो पोह्यांची बशी धरून बसलेला अवघडलेला पोरगा डोकावत होता. तिचा जीव सुपाएवढा झाला. आला, आला माझा माणूस परत, असं तिला वाटलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी उठलं. “सर, मग आता ट्रेंड कसा धरायचा?”

सरांनी मान वर केली. तीनशे माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. सरांनी हार सारखे केले, तिच्या हातातला माईक घेतला आणि घसा खाकरला.

“प्रश्न फार चांगला आहे,” सर म्हणाले. “शांत बसा. आजवर मी हे मुद्दाम सांगितलं नव्हतं, तुमची तयारी नव्हती. प्रत्येकाचा सामना वेगळा असतो. याचा अर्थ काय? याचा अर्थ यंत्र आपली नाडी वाचतं. म्हणजे ज्याची नाडी त्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात यंत्र! हा आठवा नियम. लिहून घ्या.”

आणि लोकांनी लिहून घेतलं! खिशातून पेनं निघाली, मांडीवर वह्या आल्या, कोरे शिकलगारांना “जरा हळू सांगा म्हणावं सरांना” म्हणाले. पांढरेफटक पडलेले प्रधान आधी नुसते बघत राहिले, मग त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्रिशला नारळ आणि साडी खुर्चीत ठेवून पायऱ्या उतरून निघून गेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या संध्याकाळी सव्वासातची कुस्ती हॉलमधली जवळजवळ सगळी माणसं जिंकली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जो येईल तो हेच सांगत होता, मौन सुटलं होतं ना. “आठव्या नियमात दम आहे, वहिनी!” दम कसला? तीनशे नाड्या एकदम ढिल्या पडल्याचं यंत्राला कळलं होतं. गिऱ्हाईक उठून जायला लागलं की त्याला जिंकवायचं. हरवणं हा यंत्राचा धंदाच नव्हता, धरून ठेवणं हा धंदा होता.

त्याच सोमवारी सकाळी, ती दवाखान्यात जायच्या आधी, सर राजीनाम्याचं पाकीट घेऊन निघाले तेव्हा तिनं दारात त्यांना अडवलं. हातात नाणं होतं.

“खरं सांगा. तुम्हाला काल हॉलमध्ये कळलं होतं. मी बघितलं.”

“कळलं होतं,” ते म्हणाले.

“मग? नाण्याला आठवण असते का?”

“नाण्याला नसते. पण यंत्राला असते, त्रिशला.” त्यांच्या आवाजात लाज नव्हती, कौतुक होतं. “मी काय करणार ते त्याला माझ्या आधी कळतं. एवढं मला आजवर कुणी ओळखलेलं नाही.”

वीस वर्षं तिनं या माणसाला किती मीठ लागतं, कुठल्या कुशीवर झोप लागते, खोटं बोलताना कुठला कान खाजवतो, सगळं ओळखलं होतं. ती दारातून बाजूला झाली. सर गेले आणि राजीनामा देऊन आले.

दिवाळीच्या सुमारास कोरे पुन्हा धडधडीची तक्रार घेऊन आले. शर्ट काढला, मनगटावरचा पट्टा काढायला मात्र तयार होईनात. “साडेपाचच्या आत सोडाल ना, वहिनी?” त्यांच्या हातात सरांचं नवं पुस्तक होतं, ‘नाडीची चाल’. मुखपृष्ठावर हृदयाची लांबलचक रेघ. त्रिशलानं ती बघताक्षणी ओळखली. तिनंच काढलेली, त्या गुरुवारची. एकोणीस वेळा थबकलेली.

“सर सांगत होते, आलेख तुमच्या हातचा आहे म्हणून,” कोरे भक्तिभावानं म्हणाले. “तेवढी सही करा की.”

तिनं पेन घेतलं. प्रत्येक रेघेखाली लिहायची दवाखान्याची पद्धत असते, तसंच तिनं लिहिलं. नाव: अभिनंदन मगदूम. तारीख. वेळ, साडेपाच ते सहा. शेरा: ठोके सापडले. माणूस सापडला नाही. खाली सही केली आणि पुस्तक परत दिलं.

कोऱ्यांनी शेरा दोनदा वाचला. मग त्यांचे डोळे चमकले.

“हा नववा नियम का, वहिनी?” असं विचारून त्यांनी उघड्या अंगानंच वही काढली आणि ते उतरवून घेतलं.